शिटी कोण वाजवतंय?

मी बालाघाटला केजीची टीचर होते असं पुण्याकडच्या कुणाला सांगितलं की दोन प्रश्न ठरलेले. तिकडे मराठी बोलतात का? आणि केजीत शिकवायचं ते काय असतं? पहिल्याचं उत्तर सोपं आहे. गोंदियाहून गाडीत बसा, डुलकी लागते न लागते तोच बालाघाट येतं. घरात मराठी, बाजारात हिंदी आणि भांडताना जी आधी तोंडात येईल ती. दुसऱ्याचं उत्तर मला नोकरीभर नीट देता आलं नाही. आता निवृत्त होऊन घरी बसले आहे, विचार करायला वेळच वेळ आहे, आणि गोंधळ उलट वाढला आहे.

लोकांना वाटतं आम्ही एबीसीडी शिकवतो. ती तर पोरं मोबाइलवर शिकून येतात. आमचं खरं काम बोटांचं. चार वर्षांच्या पोराच्या बोटांत पेन्सिल धरायचा जोर नसतो, तो आधी आणावा लागतो. म्हणून कणकेचे गोळे मळायचे, दोरीत मणी ओवायचे, कपडे वाळत घालायचे चिमटे पुठ्ठ्याला लावायचे आणि काढायचे, एका ताटात मिसळलेले डाळ-तांदूळ वेगळे करायचे. हे सगळं पोरांना खेळ वाटतं आणि आईबापांना टाइमपास. लालबर्ऱ्याचे एक राइस मिलवाले पालक होते. त्यांनी एकदा खिडकीतून आपल्या चिरंजीवाला तांदूळ निवडताना पाहिलं आणि थेट आत आले. "टीचर, आमच्या मिलमधी तांदूळ निवडाले मशीन हाय. पोराले काहून कामाले लावलं?" मी त्यांना बोटांचं सगळं समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी विचारलं, मग होमवर्क कधीपासून?

तर ही गोष्ट एका आठवड्याची आहे. आमच्या मोठ्या मॅडम कुठल्याशा ट्रेनिंगहून आल्या होत्या आणि येताना एक नवीन कल्पना घेऊन आल्या होत्या. पोळ्याच्या सुट्टीनंतर केजीचा पूर्ण एक आठवडा खेळाचा. "पूरे हफ्ते किताब नहीं खुलेगी," त्या म्हणाल्या. मी विचारलं, मग करायचं काय? त्या म्हणाल्या, "खेलिए." मी म्हटलं, ते तर आम्ही रोजच खेळतो. त्या म्हणाल्या, "नहीं, इस बार सचमुच खेलिए." हे वाक्य मला तेव्हा कळलं नाही आणि आजही कळलेलं नाही, पण मान हलवली.

वर्गात माझ्याबरोबर फुलवंतामौशी असायची. लांजीकडची, उंच, मोठ्या हाडाची बाई. पोरांची नाकं पुसणं, चड्ड्या बदलणं, डबे उघडून देणं हे तिचं काम, आणि मी चुकले की मला सांगणं हेही तिने आपलंच काम मानलं होतं.

आणि आरोही होती. तिच्याबद्दल नीट सांगायला हवं. तिला जन्मापासून कमी ऐकू यायचं. दोन्ही कानांना मशीन लावलं की बरंचसं कळायचं. मशीन म्हणजे कानाच्या मागे बसणारा शेंगदाण्याएवढा डबा, त्यातून एक बारीक नळी, आणि नळीच्या टोकाला कानाच्या आत बसणारा मऊ साचा. हा साचा ज्याच्या त्याच्या कानाच्या मापाने करतात. त्यातलं डाव्या कानाचं मशीन आधीच बिघडून घरी पडलं होतं, त्यामुळे सगळा भार उजव्यावर होता. तिची आई सुनीता मेश्राम रोज सकाळी स्वतः ते लावून, दोन बोटांनी दाबून बघून, मग तिला वर्गात सोडायची. आरोहीला आमच्या शाळेत घालायलाच घरातून विरोध होता. तिच्या बाबांचं म्हणणं, जबलपूरला अशा मुलांची राहायची शाळा आहे, तिथेच टाकू. सुनीताने हट्टाने एक वर्ष मागून घेतलं होतं, ते या मशीनच्या भरवशावर. मोठ्या मॅडमनीही प्रवेश देताना तेच सांगितलं होतं, मशीन लावून येईल तर बसवू.

मी आरोहीशी मोठ्याने बोलायचे. कमी ऐकू येणाऱ्या मुलीशी मोठ्याने बोलायचं, एवढी अक्कल मला होती असं मला वाटायचं.

खेळाचा आठवडा सुरू झाला तोच गोंधळाने. पहिल्या दिवशी बाजार मांडला. खरी भाजी आणली, पानं म्हणजे पैसे ठरवले. अंश नावाचा एक गोलमटोल मुलगा होता, आरोहीच्या शेजारी बसायचा. त्याने एक वांगं विकत घेतलं. खेळ संपला, मौशी भाजी गोळा करायला गेली, तर हा वांगं देईना. "मैंने खरीदा है." मी म्हटलं, बाळा, तो खेळ होता. त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मलाच फसवणूक केल्यासारखं वाटलं. शेवटी तो वांगं घेऊन घरी गेला.

दुसऱ्या दिवशी दवाखाना. एक मुलगी पेशंट म्हणून आडवी झाली आणि खरोखर झोपली. सुट्टी झाली तरी उठेना. डॉक्टर झालेला मुलगा तिच्या आईला दारात अडवून सांगत होता की पेशंटला आराम पाहिजे. मग एक दिवस बस. खुर्च्या ओळीने लावल्या, कंडक्टर "लांजी लांजी, बिरसा" ओरडत होता. बिरसा आलं म्हणून एक मुलगा उतरला, इकडेतिकडे पाहिलं आणि भोकाड पसरलं. त्याची आजी बिरशाला राहते, आणि ती तिथे नव्हती. त्याला काय सांगायचं? बिरसा खोटं होतं असं सांगावं, तर मग आम्ही इतका वेळ गेलो कुठे? मी सरळ त्याला परतीच्या बसमध्ये बसवलं.

या सगळ्यात अजून एक गोष्ट चालू होती. पोरं मध्येच थांबायची, मान वर करायची आणि म्हणायची, "टीचर, सीटी." मी खिडकीतून बघायचे. वॉचमन झाडाखाली बसलेला. रस्त्यावर कुणी नाही. गाडीची वेळ नाही. "कौन बजा रहा है सीटी?" मी विचारायचे. पोरं एकमेकांकडे बघून हसायची. मला वाटलं, हा त्यांचा नवीन खेळ असेल, टीचरला खिडकीशी पाठवायचा. आठवडाच खेळाचा होता, मी पण जात राहिले.

शुक्रवारसाठी मी 'पोस्ट ऑफिस' ठरवलं होतं. लाल डबा रंगवून ठेवला होता. पण पोरं पोस्ट म्हणजे काय ते ओळखेचनात. मी कंटाळून विचारलं, मग तुम्हाला काय खेळायचं आहे? सगळा वर्ग एकदम ओरडला, "नारबोद!"

आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे नारबोद काढतात. नागपूरकडे मारबत म्हणतात, तशातलीच. पळसाच्या फांद्या, जुनं पोतं, फाटकं लुगडं यांची एक बाई करायची, थाळ्या वाजवत गल्लीतून न्यायची आणि घरातली सगळी पीडा तिच्यावर लादायची. खोकला घेऊन जा गे नारबोद, ताप घेऊन जा गे नारबोद. मग वस्तीच्या शिवेबाहेर नेऊन टाकायचं आणि मागे न बघता परत यायचं. पोरांनी नुकतंच ते घरी पाहिलं होतं. त्यांच्या डोक्यातून नारबोद गेली नव्हती.

मौशीने युरियाचं रिकामं पोतं आणलं, ते उलटं करून झटकलं, पळसाच्या फांद्या खोचल्या, आपली जुनी ओढणी गुंडाळली. पोत्याचं तोंड उघडं ठेवलं, ते पोट. मी पोरांना सांगितलं, तुम्हाला जे नको असेल ते हिच्या पोटात टाका. माझ्या मनात होतं की तोंडाने सांगतील, ताप घेऊन जा, खोकला घेऊन जा. पण सांगितलं ते मी "टाका" असंच. एकाने पोत्यात तोंड घालून खोकून घेतलं. एकीने डब्यातली भेंडी टाकली. कुणी तुटका खडू टाकला. मी थाळ्या आणायला कपाटाकडे गेले, हसत हसतच. इतकं छान चाललं होतं. मग आम्ही थाळ्या बडवत सगळं अंगण फिरलो. मौशीने पोत्याचं तोंड बांधलं आणि म्हणाली, "खेळातली असो नाई तं खरी, नारबोद घरात ठेवत नाई." आणि ती तडक नाल्याकडे जाऊन टाकून आली.

सुट्टी झाली. सुनीता आरोहीला घ्यायला आली. तिने सवयीने मुलीच्या कानामागे बोट नेलं आणि तिचा चेहराच उतरला.

"टीचर, मशीन?"

आम्ही वर्ग पालथा घातला. चटया झटकल्या, मण्यांचे डबे उपडे केले, बाथरूम पाहिलं. मोठ्या मॅडम आल्या आणि म्हणाल्या, "घर से ही नहीं पहना होगा." सुनीता म्हणाली, "सकाळी म्या माझ्या हातानं लावलं मॅडम. माझ्या हातानं." मग जरा वेळाने माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "मशीन गेलं म्हंजे इचं इथलं शिकनं गेलं, टीचर. इचे बाबा तं वाटच पाहून राह्यले." मी तिला काय म्हटलं ते आठवत नाही.

जी पोरं अजून थांबली होती त्यांना मी विचारलं. चार वर्षांच्या पोराकडे चौकशी करणं हा एक वेगळाच अनुभव आहे. ती खोटं बोलत नाहीत. त्या क्षणाला त्यांना जे दिसतं ते सांगतात, आणि ते काल घडलं, आत्ता घडलं की घडावंसं वाटतं, याच्याशी त्यांना घेणंदेणं नसतं. एक म्हणाली, कौवा ले गया. एक म्हणाला, मेरे पेट में है. एक म्हणाला, नारबोद ले गई. एक म्हणाली, कल मिलेगी. मी आशेने विचारलं, कहाँ मिलेगी? ती म्हणाली, "कल." मी डोक्याला हात लावला. या चारांतलं एक उत्तर बरोबर होतं, पण ते ओळखणार कसं? मी सगळीच सोडून दिली. आरोहीला विचारायची तर सोयच नव्हती. मशीनशिवाय तिला ऐकू येत नव्हतं, आणि ती मजेत होती. मला तेही कळेना. सगळे रडकुंडीला आले आहेत आणि ही पोरगी गुणगुणते आहे.

संध्याकाळी घरी बसून एकच गोष्ट सुचली. लहान मुलाला विचारून कळत नाही, त्याला परत खेळायला लावावं. तोंड विसरतं, पण हात काल केलेलं आज परत करतात. इतकी वर्षं हेच तर करत आले होते. रात्री पाऊस येऊन गेला. मशीन जिथे कुठे असेल तिथे कोरडं असू दे म्हणत मी झोपले.

शनिवारी मौशीला म्हटलं, दुसरी नारबोद कर. तिने डोळे मोठे केले. "एका वर्षात दोनदा? टीचर, तुमचं डोस्कं ठिकानावर हाय ना?" पण तिने केली. सुनीता मोठ्या मॅडमना भेटायला आली होती, तिला वर्गाच्या दारात बसवलं. पोरांना सांगितलं, काल जे केलं तेच करू. बघू कुणाला आठवतं.

पोरं ओळीने आली. कालचाच मुलगा तसाच वाकून खोकला. भेंडीवालीच्या डब्यात आज भेंडी नव्हती, तिने रिकामी मूठ उघडली. मग आरोही आली. पोत्यासमोर उभी राहिली आणि तिने मान तिरकी केली. अंश पुढे आला. त्याने तिच्या उजव्या कानामागे अगदी सांभाळून बोटं नेली, जसं तिची आई नेते तसंच, आणि तिथे नसलेलं काहीतरी काढून तिच्या तळहातावर ठेवलं. तिने ते पोत्यात टाकलं. मग दोघांनी दोन्ही हातांनी आपापले कान झाकले, एकमेकांकडे पाहिलं आणि खदखदून हसले. "सीटी ले जा री नारबोद!" अंश ओरडला.

दारातून सुनीताचा आवाज आला, "अगं माय गं."

नाल्याच्या पुलाशी आम्ही तिघी गेलो. मौशी आधी येतच नव्हती. "टाकलेल्या नारबोदीकडे मागं वळून पाहत नाई टीचर, अन् तुम्ही तं हात लावाले निघाल्या." सुनीता म्हणाली, "मौशी, आमच्या घरी हे मानत नाई. तू फक्त जागा दाखव, मी काढीन." मौशी आली, पण पुलावर पाठ करून उभी राहिली आणि तशीच पाठमोरी हाताने दिशा दाखवत होती. खाली बघते तर नारबोदींचा ढीग. अख्ख्या वस्तीने आपापली पीडा तिथेच टाकलेली. सगळ्या युरियाच्या पोत्यांच्या, सगळ्यांवर सुकलेला पळस, रात्रीच्या पावसाने चिखलात बसलेल्या. आभाळ परत भरून आलं होतं.

"ओढणी कोणत्या रंगाची होती मौशी?"

"लाल. नाई, धुऊन धुऊन पांढरी झालती."

आम्ही दोन पोती उघडली. एकात चिंध्या, एकात काय होतं ते न सांगितलेलं बरं. तेवढ्यात सुनीताने माझा दंड धरला. "थांबा. ऐका."

मी ऐकलं. नाल्याचं पाणी, वर जाणारी मोटरसायकल. दुसरं काही नाही.

"येतो ना आवाज? शिटी."

"कुठे?"

पुलावरून पाठमोरी मौशी किंचाळली, "हौ! वाजून राह्यली! नारबोद शिटी वाजवून राह्यली!" आणि पदर तोंडाला लावून पार शाळेपर्यंत पळत गेली.

सुनीता गुडघाभर चिखलात उतरली. एकेका पोत्याला कान लावत गेली आणि तिसऱ्या की चौथ्याला थांबली. गाठ दातांनी सोडवली. आतून भेंडी निघाली, खडू निघाला, आणि तिच्या मुठीत आरोहीचं मशीन होतं, कोरडं. तिने नखाने सेलची झाकणी उघडली. तिच्या चेहऱ्यावरून मी समजले की शिटी थांबली. मला ती सुरू असलेलीही कळली नव्हती.

सोमवारी सुनीताबरोबर मीही गोंदियाला गेले, मशीन तपासून घ्यायला. कानाच्या मशीनच्या दुकानातल्या तरुण मुलाने आरोहीच्या कानात बॅटरीचा उजेड टाकून पाहिलं आणि साचा हातात घेऊन विचारलं, हा कधीचा? तिचा कान वाढला होता. साचा जुनाच होता. तो सैल पडला की आवाज बाहेर गळतो, परत मशीनमध्ये शिरतो आणि शिटी होते. ती बाहेरच्यांना बारीक ऐकू येते, पण आत कानात मोठी. दिवसभर. कातडीही घासून लाल झाली होती. सुनीता रडायला लागली. "मले वाटलं वाजतच असते मशीन. नवीन असतानाबी वाजायचं कधी कधी."

नवीन मापासाठी त्याने गुलाबी रंगाचं कणकेसारखं काहीतरी मळलं आणि आरोहीच्या कानात भरलं. मुलं याला फार रडतात, असं तो आम्हाला आधीच सांगून राहिला होता. आरोही हलली नाही. काढल्यावर तिने तो गोळा हातात मागून घेतला, दाबून पाहिला आणि अजून पाहिजे म्हणून हात पुढे केला. वर्गात रोज कणीक मळणारी मुलगी ती. पुढे डाव्या कानाचंही मशीन दुरुस्त झालं, आणि जबलपूरचं नाव घरात निघेनासं झालं.

शाळेत मोठ्या मॅडमनी खेळाच्या आठवड्याचे फोटो भिंतीवर लावले. बाजार, दवाखाना, बस. नारबोदीचा फोटो लावायचा की नाही यावर चर्चा झाली आणि तो लागला नाही. मौशी आजही सांगते की त्या वर्षी नारबोदीने पीडा ओळखून परत दिली, कारण ती पोरीची नव्हतीच. अंशला मी विचारलं, तू मशीन का काढलंस? तो म्हणाला, "दुखता था उसको." तुला कसं कळलं? त्याने वांग्याच्या दिवशी पाहिलं होतं तसंच माझ्याकडे पाहिलं. मी अजून त्या उत्तराच्या मागे आहे. चोरी म्हणावी, खेळ म्हणावा, औषध म्हणावं? त्यांना रागावायचं होतं की पाठ थोपटायची होती? मी त्या वेळी दोन्ही थोडं थोडं केलं आणि पोरं माझ्याकडे बघत राहिली.

पुढच्या वर्षी माझी निवृत्ती होती. पोळ्याच्या दुसऱ्या दिवसानंतर मुलांनी परत नारबोद मागितली. आरोही तेव्हा वरच्या वर्गात गेली होती, पण त्या दिवशी आमच्याकडे येऊन बसली. आता ती वाक्यं बोलायची, पुष्कळ बोलायची. यंदा मौशीने नियम केला होता, पोटात काही टाकायचं नाही, फक्त सांगायचं. पोरं सांगत गेली. खोकला. भेंडी. डॉक्टरची सुई. मी नेहमीप्रमाणे वाकून, तोंड तिच्या जवळ नेऊन विचारलं, "आरोही, नारबोद क्या ले जाए?"

तिने दोन्ही हात कानांवर ठेवले. मग एक हात काढून माझ्या तोंडावर ठेवला.

"टीचर की आवाज़ ले जा री नारबोद. टीचर बहुत चिल्लाती है."

सगळा वर्ग हसला. मौशी भिंतीला धरून हसली. मीही हसले, मग उगाच कपाट उघडून त्यात काहीतरी शोधत बसले. आधी तिला शिटी छळत होती आणि वर्षभर मीही छळत होते, आणि दोन्हींपैकी एकही मला ऐकू येत नव्हतं. ज्या मुलीला ऐकू येत नाही म्हणून मी ओरडत होते, तिला ऐकू येत होतं.

दिवाळी झाल्यावर मी गोंदियाला गेले. या वेळी एकटीच. तोच तरुण मुलगा होता. त्याने मला ओळखलं आणि विचारलं, "मुलीचं काय झालं, टीचर?" मी म्हटलं, "मुलगी ठीक आहे. आज माझ्या कानाचं माप घ्या."